ख्रिसमसला तक्रार हवीय मला, देता का?

नमस्कार मंडळी. स्वतःच्या खिशातले पैसे घालून स्वतःविरुद्ध सरकारी तक्रार मागवणारा माणूस कधी ऐकलाय का तुम्ही? मी ज्याच्याबद्दल आज बोलणारे त्याने हे केलंय. 2014 च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या माँट्रियाल शहरात शुगर सॅमी नावाच्या स्टँडअप कॉमेडियनची जाहिरात लागली, अख्खी इंग्रजीत, आणि मजकूर काय, तर ख्रिसमसला मला फ्रेंच भाषेच्या ऑफिसकडून तक्रार हवीय. बस, एवढंच.

आता हे ऑफिस काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर गंमत कळायची नाही. माँट्रियाल येतं क्युबेक प्रांतात. कॅनडा देश म्हणून इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांचा, पण क्युबेकची अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. 1977 मध्ये तिथे भाषेचा एक कडक कायदा झाला, त्याला सगळे नुसतं 'कायदा 101' म्हणतात, आणि तो नीट पाळला जातोय ना हे बघायला एक सरकारी कार्यालय आहे. दुकानावर इंग्रजी चालेल पण फ्रेंच ठळक पाहिजे, जाहिरातीत फ्रेंच पाहिजेच, वगैरे. (पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरची भांडणं आपल्याला काही नवीन नाहीत, त्यामुळे फार समजावत बसत नाही.) या ऑफिसने 2013 मध्ये तर कमालच केली, एका इटालियन रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर 'पास्ता' लिहिलंय, ते फ्रेंच नाही, म्हणून त्यांना नोटीस! जगभर हसं झालं आणि ऑफिसच्या प्रमुख बाईंना खुर्ची सोडावी लागली.

म्हणजे सॅमीने जाहिरात लावली तेव्हा वातावरण आधीच तापलेलं होतं आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. तक्रार आली. अगदी हवी तशी. मग त्याने काय केलं, इंग्रजी मजकूर काळा केला आणि वर शुद्ध फ्रेंचमध्ये लिहिलं की ख्रिसमसला मला तक्रार मिळाली हो! बातम्या, चर्चा, संताप, सगळं फुकटात. मला विचाराल तर त्या जाहिरातीत विनोदापेक्षा धंद्याची अक्कल जास्त होती, पण अक्कल होती हे मान्य करायलाच पाहिजे.

याचं खरं नाव समीर खुल्लर. जन्म 1976 चा, माँट्रियालचाच, आईवडील भारतातून गेलेले पंजाबी. वाढला कोत-दे-नेज नावाच्या भागात, जिथे जगभरातून आलेली कुटुंबं एकमेकांना खेटून राहतात. घरात पंजाबी आणि हिंदी, टीव्हीवर आणि मित्रांत इंग्रजी, आणि शाळा? शाळा फ्रेंच. कारण त्याच कायदा 101 नुसार बाहेरून आलेल्यांच्या पोरांना सरकारी खर्चाने शिकायचं तर फ्रेंच शाळेतच जावं लागतं. तर बघा, ज्या कायद्याची हा माणूस आयुष्यभर टर उडवत आला, त्याच कायद्याने त्याला फ्रेंच शिकवली, आणि ती इतकी पक्की शिकवली की फ्रेंच लोकांसमोर उभं राहून त्यांच्याच भाषेत त्यांची खेचता यावी. कायदा करणाऱ्यांना फ्रेंच बोलणारी पिढी हवी होती, ती मिळाली की! आता ती पिढी काय बोलेल हे कलमात कुठे लिहिलं नव्हतं.

सुरुवात त्याने इंग्रजीतून केली. एडी मर्फी या अमेरिकन कॉमेडियनला बघून लहानपणीच डोक्यात खूळ शिरलेलं, पुढे मॅकगिल युनिव्हर्सिटीत असताना पार्ट्या भरवायचा तेव्हा तिथल्या मुलींनी 'शुगर सॅमी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. मग देशोदेशी दौरे, 2009 मध्ये एचबीओ कॅनडा या टीव्ही चॅनेलवर तासाभराचा खास शो. इथपर्यंतची गोष्ट तशी नेहमीचीच, परदेशात वाढलेला देसी पोरगा आईबाबांचे उच्चार काढून दाखवतो छापाची, तिथे मी थांबत नाही.

खरी गंमत 2012 मध्ये सुरू होते. त्याने एकाच वेळी दोन शो काढले, एक पूर्ण फ्रेंच, आणि दुसरा अर्धा इंग्रजी अर्धा फ्रेंच. त्या दुसऱ्याचं नावच अर्धं-अर्धं, 'यू आर गॉना रीर', रीर म्हणजे हसणे. आता यात एवढं काय, असं वाटेल. पण क्युबेकमध्ये फ्रेंच विनोदाची वेगळीच दुनिया आहे, त्यांचे स्वतःचे स्टार, स्वतःचा टीव्ही, ओलिव्हिए नावाचे स्वतःचे पुरस्कार, आणि 1988 पासून तर विनोद शिकवणारी चक्क शाळा आहे माँट्रियालमध्ये. तिकडे इंग्रजी कॉमेडियन थोडं नाव झालं की टोरंटो नाहीतर अमेरिकेची वाट धरतो. माँट्रियालचा जगप्रसिद्ध कॉमेडी फेस्टिव्हल 1983 मध्ये फ्रेंचमध्ये सुरू झाला, दोन वर्षांनी इंग्रजी कार्यक्रमही आले, पण हॉल वेगळे, प्रेक्षक वेगळे. एका शहरात राहायचं आणि एकमेकांच्या जोकला कधी हसायचंच नाही. अशा ठिकाणी दोन्ही भाषा येणाऱ्यांनाच कळेल असा शो काढायचा म्हणजे निम्मं गिऱ्हाईक दारातच घालवण्याचा धंदा!

आणि तो चालला. दोन्ही शो मिळून चार-साडेचार वर्षांत चारशेच्या वर प्रयोग आणि साडेतीन लाखांच्या वर तिकिटं. ओलिव्हिए पुरस्कारही मिळाले, म्हणजे ज्यांची खेचली त्यांनीच दिले.

का चालला यावर मी बराच विचार केलाय. दोन भाषांत बोलणं ही त्याची कमाल नाहीच, माँट्रियालमध्ये रस्त्यावरची पोरं एका वाक्यात तीन भाषा वापरतात. कमाल ही की त्याने कधी भाषांतर केलं नाही. एका भाषेत सुरू केलेला जोक दुसऱ्या भाषेत संपवायचा, ज्याला नाही कळलं त्याने शेजारच्याकडे बघायचं, आणि शेजारचा नेमका 'त्या' गटातला. मग प्रेक्षकांशी थेट बोलणं, ते तर त्याचं खरं हत्यार. कुठून आलात, काय करता, स्वतंत्र क्युबेक हवाय का हो तुम्हाला? समोरचा हो म्हणाला की झालं, पुढची पाच मिनिटं त्याची. आणि लगेच उलटून इंग्रजीवाल्यांवर, जे जन्मभर क्युबेकमध्ये राहिले आणि अजून फ्रेंचमध्ये धड एक वाक्य बोलत नाहीत.

हा स्वतंत्र क्युबेकचा विषय किती नाजूक आहे ते एका आकड्यावरून कळेल. 1995 च्या सार्वमतात कॅनडातून वेगळं व्हायला नको म्हणणारे 50.58 टक्के होते आणि हवं म्हणणारे 49.42. काठावर! आणि त्या रात्री प्रांताचे प्रमुख जाक पारिझो स्टेजवरून म्हणाले की आम्ही हरलो ते पैशामुळे आणि 'एथनिक' मतांमुळे. एथनिक म्हणजे कोण, तर सॅमीच्या आईवडिलांसारखे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्या वयात असं वाक्य कानावर पडलं तर ते विसरलं जात नाही, पुढे पुरवून पुरवून वापरलं जातं.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण त्याच्यावर चिडणारे सगळे काही विनोद न कळणारे लोक नव्हते. त्यांचं म्हणणं असं की अरे, क्युबेकमध्ये फ्रेंच बहुसंख्य असतील पण अख्ख्या उत्तर अमेरिकेत ते मूठभर आहेत, चारी बाजूंनी इंग्रजीचा समुद्र, कायदा नसता तर भाषा दोन पिढ्यांत स्वयंपाकघरात जाऊन बसली असती. तू त्या भीतीची चेष्टा करतोस, आणि उरलेल्या कॅनडातली इंग्रजी वर्तमानपत्रं तुला धाडसी म्हणून डोक्यावर घेतात, त्यांना काय, आयताच पुरावा मिळाला की फ्रेंच लोक कोत्या मनाचे. मला हे म्हणणं पटतं, निदान अर्धं तरी. टीव्हीवर मुलाखतीत तो मुद्दाम काडी टाकतो तेव्हा त्यात शोमधली माया नसते, नुसती काडी असते. पण तोच माणूस पूर्ण फ्रेंच शो घेऊन माँट्रियालच्या बाहेर, जिथे औषधालाही इंग्रजी सापडत नाही अशा गावांत गेला, तिथल्या लोकांना तोंडावर चिडवलं आणि ते तिकीट काढून हसायला आले. पाठीमागे बोलणं वेगळं आणि समोर जाऊन बोलणं वेगळं, नाही का?

2014 ते 2016 मध्ये त्याची टीव्हीवर एक फ्रेंच मालिकाही आली, सिमोन-ऑलिव्हिए फेक्तो या क्युबेकी कलाकाराबरोबर, एक पंजाबी घरचा आणि एक फ्रेंच घरचा असे दोन मित्र. वादापेक्षा या मालिकेने जास्त काम केलं असावं असं माझं मत, कारण तिथे पंजाबी आईवडील फ्रेंच प्रेक्षकांच्या दिवाणखान्यात दर आठवड्याला यायला लागले.

मग 2016 मध्ये घरचा हा जम बसलेला खेळ थांबवून पठ्ठ्या गेला फ्रान्सला. तिथे कोण ओळखतो! पुन्हा छोट्या हॉलपासून सुरुवात, आणि 2018 पासून तिथल्या टॅलेंट शोमध्ये परीक्षक म्हणून बसला, तोंडाने फटकळ आणि लोकांचा लाडका. आणि फ्रान्समध्ये पेपरवाले त्याची ओळख कशी करून देतात माहितीय? क्युबेकी विनोदवीर! घरी ज्याला तू आमच्यातला नाहीस म्हणून सुनावलं, तो पॅरिसमध्ये क्युबेकचा प्रतिनिधी. तिथे त्याने भाषेचा विषय बाजूला ठेवला आणि फ्रेंच माणसाचा तोरा धरला, कारण तिथे तोच दुखरा भाग.

इकडे क्युबेकमध्ये 2022 साली भाषेचा कायदा आणखी कडक झाला. आणि त्याच अर्ध्या-अर्ध्या शोचा दुसरा भाग घेऊन हा परत माँट्रियालला हजर. तिकिटं या वेळीही खपली.