पेनड्राइव्हमधला पखवाज

(दृश्य : बेळगाव, खडेबाजार. दुकानांची शटरं वर जातायत. एका मोबाईलच्या दुकानाबाहेर गर्दी.)

कॅसेटचं दुकान शोधत इथं आलात, तर मोबाईलच्या दुकानाकडे बोट दाखवलं जाईल. परवापर्यंत अशाच दुकानात मेमरी कार्ड दिलं, की वीस रुपयांत भजनं, लावण्या, कन्नड सिनेमातली गाणी, सगळं एकत्र घालून मिळायचं. गाणाऱ्याला त्यातला एक रुपयाही पोचत नव्हता, हे सांगायला नकोच.

आता समजा, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मंडळाने ठरवलं, की सीडी काढायची नाही. गाणी फक्त ऑनलाइन ठेवायची. ज्याला हवीत त्याने पैसे भरून डाउनलोड करून घ्यावीत. हा बेत शहाणपणाचा आहे का?

(दृश्य : देवळातलं भजन. पखवाज, पेटी, टाळ-झांजा.)

आधी वेळेचं बघू. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू तिसाव्या मिनिटाला संपायची, मग भजन रंगात आलेलं असो वा नसो. फाइलला असली अट नाही. ‘जय जय राम कृष्ण हरी’पासून भैरवीपर्यंत तासा-दीड तासाचं भजन सलग देता येतं. एकामागून एक अभंग न थांबता म्हणायचं ते चक्री भजन ऐकणाऱ्याला यातली मजा वेगळी सांगावी लागत नाही.

पण ती फाइल कशी बनवलीय, तेही विचारायला हवं. तासाभराचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाचं ठेवलं तर सहाशे एमबीच्या वर जातं. साध्या एमपीथ्रीत तेच साठ एमबीच्या आत बसतं. दाबून दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये गळा तरतो. मार खाते ती झांज. तिची वरची खणखण निघून जाते आणि नुसती सळसळ उरते. मंडळातल्या झांजवाल्याला ही फाइल ऐकवून त्याचं तोंड बघा.

(दृश्य : जांबोटीहून कणकुंबीकडे जाणारा घाटरस्ता. पाऊस.)

या रस्त्यावर मोबाईलच्या रेघा येतात आणि जातात. इथं नेटवरून वाजणारं गाणं मधेच गोल गोल फिरत बसतं. एकदा उतरवून घेतलेली फाइल मात्र वाजते. पंढरीच्या वाटेवरही वाजते. बेळगावच्या शिवजयंतीत चित्ररथावर संवाद आणि संगीत वाजवायचं असतं, तेव्हा साऊंडवाला मंडळाकडे पेनड्राइव्हच मागतो. हजारो माणसांसमोर नेटच्या भरवशावर अफझलखानाचा वध कोण लावेल?

(दृश्य : भाजीवालीच्या टोपलीला टेकवलेला क्यूआर कोड.)

पैशाची गोष्ट जरा खोलात जाऊन पाहिली पाहिजे, कारण गोम तिथेच आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाचं दुकान उघडलं होतं. एमपीथ्री विकत घ्या, फाइल तुमची. जून २०१३ मध्ये ते बंदही झालं. फुकटची गाणी चहूकडे होती आणि सहा-दहा रुपये भरायची सोपी सोय तेव्हा नव्हती. युपीआय आलं २०१६ साली. त्याच वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. पैसे भरणं सोपं झालं आणि नेमकी तेव्हाच गाणं विकत घ्यायची सवय सुटली.

मग स्ट्रीमिंगवरच टाकू, असं कुणी म्हणेल. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा : गेल्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचे पैसे नाहीत. खेड्यातल्या मंडळाचा अभंग वर्षात सहाशे वेळा ऐकला गेला, तर हाती शून्य. याउलट दोनशे माणसांनी वीस-वीस रुपयांना फाइल घेतली, तर चार हजार होतात. पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, आणि त्यावरची शाई तरी त्यातून निघेल. दोनशे माणसं आपल्या पंचक्रोशीत आहेतच. फक्त त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

फाइल विकण्यासाठी बँडकॅम्पसारखी संकेतस्थळं आहेत. डाउनलोडच्या विक्रीवर बँडकॅम्प साधारण पंधरा टक्के घेतं. पण तिथं कलाकाराचे पैसे पेपल या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत येतात, आणि पेपलने भारतातल्या भारतात व्यवहार करायची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. झाली की नाही गंमत? लंडनचा माणूस बेळगावचं भजन घेऊ शकतो, शेजारच्या शिनोळीच्या माणसाला मात्र दुसरा रस्ता शोधावा लागतो. सीमाप्रश्न आम्हाला नवा नाही. हा जरा नव्या जातीचा.

(दृश्य : संगणकावर अर्ज भरणारे हात.)

गाणी वर चढवताना अर्ज विचारतो : अल्बमची भाषा कोणती? आमच्याकडे तुकोबांच्या अभंगामागून पुरंदरदासांचं कन्नड पद येतं, आणि टाळ धरणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. अर्जातला चौकोन एकच.

साथीदारांची नावं हा त्याहून मोठा घोटाळा. सीडीच्या आतल्या कागदावर पखवाज कुणाचा, पेटी कुणाची, हे छापलेलं असायचं. फाइलवर राहतं गायकाचं नाव आणि बोटाएवढं चित्र. ग्रामोफोनच्या पहिल्या काळात हा प्रश्न गळ्यानेच सोडवला होता. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना नाव कळावं म्हणून गौहर जान गाणं संपताच इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगायच्या. भजन संपल्यावर आपल्या मंडळींनीही दहा सेकंद नावं घ्यायला काय हरकत आहे? ती फाइलपासून सहजासहजी वेगळी होणार नाहीत.

(दृश्य : सुळेभावी गाव.)

कुमार गंधर्वांचा जन्म इथला, ८ एप्रिल १९२४. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. तबकडी घरात, हॉटेलात वाजायची आणि शोधायला न गेलेल्या कानातही शिरायची. फक्त डाउनलोडवर असलेलं गाणं त्यालाच मिळतं, ज्याला ते आहे हे आधीच ठाऊक असतं. माझ्या मते या बेतातली सर्वांत मोठी खोट हीच. पैशांची नंतर.

आणि जपणुकीचं काय? २०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ मध्ये लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. सुमारे पाच कोटी गाणी. गाणी ऑनलाइन दुकानांत पोचवणारे काही वितरक वर्षाची फी थकली, की ती तिथून उतरवतात. मंडळाचा पासवर्ड ज्या पोराला ठाऊक, ते पुण्याला नोकरीला गेलं, की पुढचं बोलायलाच नको.

(दृश्य : प्रकाशन सोहळा. व्यासपीठ, हार, नारळ.)

प्रकाशनाची तर पंचाईतच. पूर्वी पाहुणे रंगीत कागद सोडून सीडी वर धरायचे, फोटो पेपरात यायचा. आता पाहुणे लॅपटॉपचं बटण दाबतात आणि सगळे पडद्याकडे बघत बसतात.

म्हणून हजार सीडी छापून कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. त्या वाजवायचं यंत्रच आता घरात नाही. फाइलच विका. पण पोस्टकार्डाएवढं एक जाड कार्ड छापा. प्रकाशनाला, सप्ताहाला, लग्नाच्या आहेरात ते हातात देता येईल. पुढे क्यूआर कोड. मागे अभंगाचे शब्द, सगळ्या साथीदारांची नावं, आणि गावाचं नाव तालुक्यासकट. मूळ रेकॉर्डिंग न दाबता तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर. बेळगावात दीडशे वर्षांची वाचनालयं आहेत. तिथल्या ग्रंथपालाला एक पेनड्राइव्ह घेणार का, म्हणून विचारून तरी बघा. जाताना ते कार्डही न्या.