टायगरचा नट-बोल्ट बरोबर, पट्ट्याचं मनगट चूक

नमस्कार मंडळी. गेममधली हत्यारं खऱ्यासारखी असतात का, आज तेच बघू. हा जो स्क्रीनवर गडगडत येतोय तो टायगर वन, जर्मन रणगाडा, वॉर गेम खेळणाऱ्या कुठल्याबी पोराला झोपेतनं उठवून विचारा, नाव सांगणार म्हणजे सांगणार. आता जरा झूम करूया. चिलखतावर ह्या बारीक बारीक रेघा ओढल्यासारख्या दिसत्यात बघा, त्या थराला त्सिमेरिट म्हणतात. शत्रूनं पळत येऊन चुंबकाचा सुरुंग चिकटवू नये म्हणून जर्मन लोक कारखान्यातच ही पेस्ट थापायचे. पण कधी, तर १९४३ च्या उत्तरार्धापासनं सप्टेंबर १९४४ पर्यंत, झालं, मग बंद. म्हणजे ट्युनिशियाच्या वाळूत, १९४३ च्या सुरवातीच्या मिशनमध्ये टायगरवर हा थर दिसला की समजायचं, मॉडेल करणाऱ्यानं दुसऱ्याच वर्षाचा फोटो समोर ठेवलाय.

एवढं कोण बघतंय असं वाटेल, पण बघत्यात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेत आम्ही शूटला गेलो तर तिथं टॉमी गनवरनं, म्हणजे अमेरिकन थॉम्पसन सबमशीनगनवरनं, पोरांची जुंपलेली. विषय काय, तर बंदूक दिसत्या एम वन ए वन, म्हणजे तिचं नंतरचं मॉडेल, कॉकिंगचा (बंदूक तयार करायला ओढायचा) दांडा उजव्या अंगाला, आणि खाली लावलंय गोल ड्रम मॅगझीन. आता ड्रम बसतंय जुन्या १९२८ च्या मॉडेलला, त्याचा दांडा वरच्या बाजूला असतोय, एम वनला ड्रम बसतच नाही. चूक काढणारं पोरगं बरोबर होतं. अकरावीतलं असावं.

पण बंदूक दिसायला बरोबर असली तरी चालायला बरोबर असत्या का? हीच टॉमी गन घेऊन १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, कारण त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले होते. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायला वेळच नाही म्हणून नळी हातात धरून बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. लगेच शत्रूच्या स्नायपरनं त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. आता हे कंपनी ऑफ हिरोजसारख्या गेममध्ये करून दाखवा! तिथं पायदळाच्या गोळ्या संपतच नाहीत, त्यामुळं बंदूक उलटी धरायची वेळच येत नाही. सैनिक टाकळीत, नाहीतर इकडं गडहिंग्लज-चंदगड साईडला घरात कुणी फौजी असेल तर त्यांना हा गेम दाखवा, पहिला प्रश्न तोच असणार, दारूगोळा कुठनं येतोय रे?

पल्ल्याचं पण तसंच. टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ एक-दीड किलोमीटरवरचा रणगाडा फोडायची, म्हणजे रंकाळ्याच्या काठावरनं बिंदू चौक टप्प्यात. गेममध्ये मात्र तो बिचारा समोरच्या घराला खेटून उभा राहतोय आणि मग गोळा मारतोय. ह्याला मी चूक म्हणणार नाही, खरा पल्ला दिला तर स्क्रीनवर शत्रू दिसणारच नाही, खेळायचं काय मग. संख्येचं मात्र खटकतंय. टायगर वन बनले तेराशे-साडेतेराशे, अमेरिकेचे शर्मन रणगाडे बनले पन्नास हजाराच्या घरात, आणि गेममध्ये प्रत्येक मॅचला प्रत्येकाला टायगर पाहिजेच.

बरं, आता आपल्याकडं येऊ. २००९ च्या एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन खेळता येतंय, साल १७०० पासनं. त्यात पकल गनच्या आख्ख्या तुकड्या उभ्या करता येतात. ही फिरत्या चेंबरची बंदूक, पेटंट १७१८ चं, खऱ्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या बनल्या आणि लढाईत कुणी फारशा वापरल्या नाहीत. म्हणजे कागदावरच राहिलेल्या विलायती बंदुकीला गेममध्ये मानाची जागा, आणि हिंदुस्थानी सैनिक म्हटलं की बहुतेक गेम एकच वाकडी तलवार आणि एक गोल ढाल देऊन मोकळे होतात. धोप, म्हणजे सरळ लांब पात्याची तलवार, कुठाय? दोरी बांधून फेकायचा विटा कुठाय? जामगी पेटवून उडवायची तोड्याची बंदूक कधीतरी दिसत्या, तेवढंच.

माझं म्हणणं असंय की ह्यात आकस वगैरे काही नाही. टायगर बरोबर येतोय कारण एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला एक टायगर इंग्लंडात बॉव्हिंग्टनच्या म्युझियममध्ये आजबी चालू कंडिशनमध्ये आहे, जावा आणि टेप लावा. आपली हत्यारं काचेमागं, आडवी, लेबल लावून. मापं कुठं मिळत नाहीत आणि ते हत्यार चालायचं कसं हे काचेमागनं कळत नाही.

पण कोल्हापुरात कळतंय की! शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत मर्दानी खेळाच्या तालमी आहेत, हलगी घुमायला लागली की पट्टा फिरलाच. दांडपट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते. लोखंडी खोबळा असतोय, त्यात कोपराच्या अलीकडंपर्यंत हात जातोय, आत एक आडवी पकड आणि पुढं लांब, लवणारं, दोन्ही बाजूनं धारेचं पातं. खोबळ्यात मनगट वळतच नाही. सगळा वार खांद्यातनं आणि कमरेतनं, म्हणून पट्टेकरी गिरक्या घेतोय, ती काय स्टाईल नव्हे. आणि नेटवर पट्ट्याची जी फुकट थ्रीडी मॉडेल मिळतात त्यात खोबळ्यावरची नक्षी झकास असत्या, पण अॅनिमेशन लावलंय तलवारीचं, मनगट गरागरा फिरतंय. वस्तादांना मोबाईलवर दाखवलं तर हसले, म्हणाले हात मोडंल त्याचा.

टेक्निकल भानगड अशी की गेममधल्या पात्राला आत हाडांचा सांगाडा असतोय, त्यावरच हालचाल चालते, आणि हत्यार त्याच्या पंजाच्या हाडाला जोडलेलं असतंय. पट्टा जोडायला पाहिजे कोपरापुढच्या हाडाला, आणि मनगट लॉक. कॅफेतली दोघं-तिघं आता हाच मॉड, म्हणजे गेममध्ये आपणच केलेला बदल, करत बसल्यात, तालमीत जाऊन खोबळ्याचे चारी बाजूनं फोटो काढले, पट्टेकऱ्याचा व्हिडिओ स्लो मोशनमध्ये घेतला. अडलंय ते पात्याच्या लवण्यावर, कारण लवतं पातं दाखवायचं तर प्रत्येक पात्याला वेगळी हाडं द्यायला लागतात, आणि स्क्रीनवर हजारभर मावळे असले की कॅफेतला पीसी बसला म्हणून समजा. त्यामुळं पातं सध्या सरळच ठेवायचं ठरलंय, मनगट मात्र अजिबात हलू द्यायचं नाही.