अडेवाले म्हणजे मुकुट घरी आला

श्रोतेहो, नमस्कार.

या भाषणाची तयारी करताना माझा निम्मा वेळ नावांचे उच्चार पक्के करण्यात गेला, हे आधीच कबूल करतो. रोमन लिपीतली अक्षरे पाहून आपण ज्याला ‘चिवेटेल’ म्हणतो, त्या अभिनेत्याचे नाव प्रत्यक्षात ‘चूइटेल’ असे उच्चारले जाते आणि आडनाव ‘एजिओफोर’ असे. हे नायजेरियातल्या इग्बो भाषेतले नाव आहे. डेव्हिड ओयेलोवो यांचे आडनाव तिथल्याच योरुबा भाषेतले असून ‘राजपदाला मान असतो’ असा त्याचा अर्थ आहे. जॉन बॉयेगा हे नाव तर छाटून आखूड केलेले आहे; पूर्ण नाव जॉन अडेडायो बामिडेले अडेग्बोयेगा. त्यातल्या ‘बामिडेले’चा अर्थ ‘माझ्यामागून घरी ये’ असा होतो आणि योरुबा लोक हे नाव परमुलखात जन्मलेल्या मुलाला ठेवतात. लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाला ते किती चपखल बसते, हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमध्ये घडलेल्या, पण मूळ नायजेरियातल्या घराण्यांतून आलेल्या अभिनेत्यांविषयी आज बोलायचे आहे. त्यांची संख्या आता इतकी आहे की नुसती यादी वाचली तरी भाषणाची वेळ संपेल, म्हणून ती वाचणार नाही. मला पडलेला प्रश्न एवढाच, की या मंडळींनी नाव कमावले ते कुणाच्या गोष्टी सांगून, आणि त्यांच्या स्वतःच्या घरची गोष्ट पडद्यावर यायला इतका उशीर का लागला?

सुरुवात फार मागून करावी लागते. १८९९ साली लागोसमध्ये जन्मलेले ऑर्लँडो मार्टिन्स पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये राहिले आणि मिळेल ती कामे करत रंगभूमीकडे व सिनेमाकडे वळले. १९३५ साली आलेल्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटात त्यांना भूमिका मिळाली. कथा नायजेरियातली, पण नायक कोण, तर तिथे कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी. लंडनजवळ शेपर्टन येथे थेम्सच्या काठी आफ्रिकन झोपड्यांचे गाव उभारण्यात आले होते आणि गर्दीत उभ्या केलेल्या माणसांत पुढे केनियाचे अध्यक्ष झालेले जोमो केन्याटाही होते. ज्यांचा देश दाखवायचा त्यांनाच गर्दीत उभे करायचे, असा तो काळ होता. मार्टिन्स यांनी त्या चौकटीत राहूनही स्वतःची छाप पाडली आणि १९५९ मध्ये, नायजेरिया स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी, ते मायदेशी परतले.

ते परतत होते तेव्हा त्यांच्या देशातली तरुण मंडळी उलट दिशेने ब्रिटनला येत होती. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. नव्या देशाला वकील, हिशेबनीस, परिचारिका, अभियंते हवे होते आणि त्यांचे शिक्षण इंग्लंडात होणार होते. शिकून चार-पाच वर्षांत परत जायचे, असा बहुतेकांचा बेत. पण नवराबायको दोघेही शिकणार, दोघेही रात्रपाळी करणार, घरमालक मूल पाहिले की दार लावून घेणार आणि आजी-आत्या तर समुद्रापलीकडे! मग या जोडप्यांनी एक वाट काढली. मासिकांत जाहिरात द्यायची आणि केंट, ससेक्स, एसेक्ससारख्या परगण्यांतल्या गोऱ्या कुटुंबांकडे दर आठवड्याला पैसे देऊन मूल सांभाळायला ठेवायचे. या रिवाजाला ‘फार्मिंग’ असे नाव पडले. आईबापांना त्यात गैर वाटत नव्हते, कारण पश्चिम आफ्रिकेत मूल नातलगांकडे किंवा ओळखीच्या घरी वाढणे ही रोजची बाब होती. ज्या घरी मूल जायचे तिथले लोक मात्र नातलग नव्हते. याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

बेत फसला, कारण १९६७ मध्ये बियाफ्राचे युद्ध पेटले. पूर्वेकडच्या इग्बो लोकांनी वेगळे राष्ट्र जाहीर केले आणि १९७० पर्यंत चाललेल्या त्या यादवीत, विशेषतः उपासमारीने, प्रचंड मनुष्यहानी झाली. अनेकांचा परतीचा रस्ता तिथेच बंद झाला. पुढे लष्करी राजवटी आणि ढासळती अर्थव्यवस्था यांमुळे नवे लोक येत राहिले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या, नायजेरियात जन्मलेल्या लोकांची संख्या सुमारे २ लाख ७० हजार भरली. त्यांची इथे जन्मलेली मुले आणि नातवंडे यात धरलेली नाहीत.

अशा घरांतून नट कसे निघाले, याचे नवल वाटते. मुलाने डॉक्टर, वकील किंवा अभियंता व्हावे हा आग्रह आपल्याला काही नवा नाही. चूइटेल यांचे वडील डॉक्टर होते, आई औषधशास्त्रातली. पण या घरांना एक गोष्ट आयती मिळाली होती. ब्रिटनमध्ये त्या काळात नॅशनल यूथ थिएटरसारख्या संस्था होत्या, जिथे शाळकरी मुलांना खरा रंगमंच मिळत असे. एजिओफोर आणि ओयेलोवो दोघेही तिथे होते आणि पुढे दोघेही लंडनच्या लॅम्डा या नाट्यशाळेत गेले. सिंथिया एरिव्हो विद्यापीठातला संगीत-मानसशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडून राडा या दुसऱ्या नाट्यशाळेत दाखल झाल्या. शेक्सपिअर तोंडात बसेपर्यंत म्हणायचा, श्वास कुठे घ्यायचा ते शिकायचे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, ही जुनी इंग्रजी तालीम त्यांच्या अंगात मुरली.

आणि तिथेच पहिली ठिणगी पडली. २००० साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या तिन्ही भागांसाठी ओयेलोवो यांची निवड केली. वय अवघे २४. या मोठ्या कंपनीच्या इतिहासात इंग्लंडच्या राजाची भूमिका करणारा हा पहिला कृष्णवर्णीय नट. पडदा वर जाण्यापूर्वीच वर्तमानपत्रांतून नाके मुरडली गेली. हा राजा मोठा विलक्षण आहे. नऊ महिन्यांचा असताना गादीवर आलेला, देवभोळा, भोवतालच्या तलवारबाजीत गोंधळून गेलेला. ओयेलोवो स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि माझ्या मते ही निवड त्वचेच्या रंगामुळे नव्हे, तर या श्रद्धेमुळे खुलली. त्यांना अभिजात भूमिकांसाठी तरुण नटाला दिला जाणारा इअन चार्ल्सन पुरस्कार मिळाला. काही वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने, मायकेल बॉइड यांनी, हे नाटक पुन्हा केले तेव्हा राजा झाले चूक इवूजी हे नट. त्यांचेही मूळ नायजेरियातलेच! या खेपेस कुणी फारसे नाक मुरडले नाही.

रंगभूमीने असा राजमुकुट दिला. सिनेमात मात्र ब्रिटनजवळ त्यांना द्यायला फार थोडे होते. इंग्रजी पडद्याला जुन्या वाड्यांच्या आणि लांब झग्यांच्या कथांची गोडी, आणि त्या वाड्यांत यांना जागा नाही. याला एक सुंदर अपवाद म्हणजे २००२ चा ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’. त्यात एजिओफोर यांनी ओक्वे या नायजेरियन डॉक्टरची भूमिका केली आहे. हा माणूस लंडनमध्ये लपूनछपून राहतो, दिवसा टॅक्सी चालवतो, रात्री हॉटेलच्या काउंटरवर बसतो आणि झोप येऊ नये म्हणून पाला चघळतो. एके रात्री खोलीतल्या तुंबलेल्या संडासात त्याला माणसाचे काळीज सापडते. एजिओफोर तिथे किंचाळत नाहीत. डॉक्टरचा हात काय हाती लागले ते ओळखतो आणि चेहरा क्षणभर मागे राहतो, एवढेच. शेवटी एक इंग्रज माणूस विचारतो, की तुम्ही लोक मला कधी दिसला कसे नाहीत? तेव्हा ओक्वे जे उत्तर देतो त्याचा आशय असा, की तुमच्या गाड्या चालवणारे आणि खोल्या झाडणारे आम्हीच. याच चित्रपटात सोफी ओकोनेडो आहेत. त्यांचे वडील नायजेरियन, आई ज्यू. दोनच वर्षांनी आलेल्या ‘हॉटेल रवांडा’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

मोठ्या नायकपदाच्या भूमिका आल्या त्या अमेरिकेतून आणि त्या अमेरिकेच्याच इतिहासातल्या होत्या. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हा २०१३ चा चित्रपट आठवा. सॉलोमन नॉर्थअप या न्यूयॉर्क राज्यातल्या मुक्त कृष्णवर्णीय माणसाला १८४१ मध्ये पळवून गुलाम म्हणून विकले गेले, त्याची ही खरी हकीकत. त्याला झाडाला फासावर टांगून ठेवलेले आहे, पायांची बोटे चिखलाला जेमतेम टेकतात, तो तोल सावरत राहतो आणि मागे माणसे आपापली कामे करत असतात, मुले खेळत असतात. दृश्य हलत नाही, संगीत नाही, फक्त चिखलात बोटे सरकल्याचा आवाज. एजिओफोर यांना या भूमिकेसाठी बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी ‘सेल्मा’ आला. त्यात मार्टिन ल्यूथर किंग झाले ओयेलोवो आणि त्यांच्या पत्नी कोरेटा झाल्या कार्मेन एजोगो, ज्यांचे वडील नायजेरियन व आई स्कॉटिश. म्हणजे अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीतले हे सर्वांत प्रसिद्ध दांपत्य ब्रिटनमध्ये जन्मलेले! किंग यांच्या मूळ भाषणांचे हक्क दुसरीकडे गेलेले असल्यामुळे दिग्दर्शिकेला भाषणे नव्याने लिहावी लागली आणि किंग यांचे एकही गाजलेले वाक्य हाताशी नसताना ओयेलोवो यांना किंग उभे करायचे होते. श्रोतेहो, इंग्रजी तालमीचे मोल मला इथे कळते. शब्द दुसरेच आहेत, पण श्वास आणि थांबे असे पडतात की कान फसतो.

यावर तक्रारही झाली. २०१७ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय नट सॅम्युअल जॅक्सन यांनी न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावरून विचारले, की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कथांसाठी ब्रिटिश नट का घ्यायचे? पुढे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या भूमिकेसाठी सिंथिया एरिव्हो यांच्या निवडीवरही असाच रोष ओढवला. ती तक्रार सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण तिथल्या नटांच्या वाट्याला आधीच फार थोडे येते. (‘विकेड’मध्ये एरिव्हो हिरव्या चेटकिणीच्या भूमिकेत आल्या तेव्हा मात्र तिचे मूळ गाव कोणते, असे कुणी विचारले नाही.) पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’च्या चित्रीकरणासाठी अमेरिकेत लुइझियानाला जाण्यापूर्वी एजिओफोर नायजेरियात कालाबार येथे ‘हाफ ऑफ अ यलो सन’ या बियाफ्राच्या युद्धावरील चित्रपटात काम करत होते. कालाबार हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते आणि तिथून जहाजांत कोंबलेल्या माणसांत इग्बो फार होते. तिथले गुलामगिरीचे संग्रहालय पाहून हा इग्बो नट थेट लुइझियानाच्या मळ्यांत उतरला. अशा वेळी ती कथा परक्याची कशी म्हणावी?

तो बियाफ्राचा चित्रपट नायजेरियात अडकला. एप्रिल २०१४ मध्ये प्रदर्शन व्हायचे होते, पण सेन्सॉर मंडळाने रोखून धरले आणि ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली. घरची गोष्ट घरीसुद्धा सहज सांगता येत नाही.

पुढची पिढी दक्षिण लंडनमधल्या पेकहॅमची आहे. राय लेनवरून चालत गेलात तर एका दुकानात याम आणि कच्ची केळी, शेजारी फुलाफुलांच्या मेणछाप कापडाचे गठ्ठे आणि वरच्या मजल्यावर चर्च. जॉन बॉयेगा यांचे वडील तिथले धर्मोपदेशक. जॉन पाचव्या वर्षी शाळेच्या नाटकात बिबळ्या झाले आणि नवव्या वर्षी थिएटर पेकहॅममध्ये गेले. त्याच भागात नोव्हेंबर २००० मध्ये, नायजेरियाहून येऊन काही महिनेच झालेल्या दहा वर्षांच्या डॅमिलोला टेलरचा बळी गेला. बॉयेगा आणि त्यांची बहीण त्याचे खेळगडी होते. सोळा वर्षांनी बीबीसीने या घटनेवर चित्रपट केला आणि त्या मुलाच्या आईची भूमिका वुन्मी मोसाकू यांनी केली. त्या जन्मल्या नायजेरियातल्या झारियात आणि वाढल्या मँचेस्टरमध्ये. त्यांनाही बाफ्टा मिळाला.

आता फार्मिंगकडे येतो. १९६७ साली लंडनमध्ये एका योरुबा विद्यार्थी दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव अडेवाले, म्हणजे ‘मुकुट घरी आला’. सहा आठवड्यांचा असताना तो एसेक्समधल्या टिलबरी या बंदरगावी एका गोऱ्या कुटुंबात गेला. मधे एकदा त्याला नायजेरियात नेण्यात आले, तेव्हा त्याला आईबापांची भाषाच येत नव्हती. पुन्हा टिलबरीला परत. गावात काळ्या पोरांना गाठून मारणारी डोके भादरलेल्या गोऱ्या तरुणांची टोळी होती. मार खाण्यापेक्षा तो त्या टोळीतच शिरला. पुढे शिक्षणाने त्याला बाहेर काढले, किंग्ज कॉलेजातून तो कायदा शिकला आणि अडेवाले अकिनोये-अग्बाजे या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. ‘लॉस्ट’ या मालिकेतले मिस्टर इको तेच.

ही हकीकत पडद्यावर आणायला दुसरे कुणी पुढे आले नाही. अखेर २०१८ मध्ये त्यांनीच ‘फार्मिंग’ हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. तरुण अडेवालेच्या जागी पेकहॅमचेच डॅमसन इद्रिस आहेत. आणि मुलाला परक्या घरी ठेवून निघून जाणाऱ्या बापाची भूमिका अकिनोये-अग्बाजे यांनी स्वतः केली आहे.