भावाला बोलावणारं कलम

(दृश्य: न्यू जर्सीतल्या एका घराची बैठकीची खोली. टीपॉयवर चहाचे कप आणि एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली फाइल.)

एडिसन, न्यू जर्सी. काका १९७७ साली इथे आले. कसे आलात, असं विचारलं तर एका वाक्यात सांगतात, "दादाने फाइल केली होती."

दादा १९६९ ला आला होता, इंजिनिअर म्हणून. पाच वर्षं झाल्यावर सिटिझन झाला आणि त्याने धाकट्या भावासाठी अर्ज भरला. त्यानंतर बहिणीसाठी. बहिणीबरोबर मेहुणे आले, भाचरं आली. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांची गोष्ट अशीच आहे. माणसं आणि गावं तेवढी वेगळी.

सिटिझन झालेला माणूस आपल्या भावाला कायमचं बोलावून घेऊ शकतो, हे कुणी ठरवलं? आणि ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरगावातला भाऊ होता का?

(दृश्य: ग्रंथालय. जाडजूड खंड, कण्यावर सोनेरी अंक ७९.)

भावाला बोलावण्याची मुभा देणारा तो १९६५ चा स्थलांतर कायदा. त्याचा क्रमांक पब्लिक लॉ ८९-२३६. म्हणजे ८९ व्या काँग्रेसने केलेला २३६ वा कायदा. काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद. 'स्टॅट्यूट्स अ‍ॅट लार्ज' या सरकारी संग्रहाच्या ७९ व्या खंडात, पान ९११ वर तो सुरू होतो. लोक त्याला हार्ट-सेलर कायदा म्हणतात, कारण सिनेटमध्ये मिशिगनचे फिलिप हार्ट आणि प्रतिनिधिगृहात ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर यांनी त्याचं विधेयक मांडलं होतं.

छापलेला कायदा वाचून काय ठरलं ते कळतं. का ठरलं, कुणी हट्ट धरला, कुठला परिच्छेद वर होता तो खाली कसा गेला, हे त्या पानांत नाही. त्यासाठी विधेयकाचा माग काढत मागे जावं लागतं. वकील हे काम पोटापाण्यासाठी करतात, इतिहासकार अभ्यासासाठी. आम्ही ते काकांच्या फाइलसाठी केलं.

आधी कुठून सुरुवात झाली ते पाहू. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागाभोवती रेघ ओढली आणि हिंदुस्थानातून येणं बंद केलं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. १९२४ साली राष्ट्रनिहाय कोटा पक्का झाला. १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायद्याने दार किलकिलं झालं. भारताचा कोटा होता वर्षाला १००. चाळीस कोटींच्या देशातून शंभर माणसं. १९५२ च्या कायद्याने आणखी एक अट घातली. आईबापांपैकी एक जण जरी आशियाई वंशाचा असला, तरी तुम्ही लंडनमध्ये जन्मा नाहीतर ब्राझीलमध्ये, मोजणी आशियाच्या कोट्यातच. म्हणजे माणसाचा जन्म कुठेही होवो, हिशोब रक्ताचा.

हे सारं पाडायचं म्हणून १९६५ चं विधेयक आलं. क्रमांक एच. आर. २५८०.

(दृश्य: मेजावर एकाच विधेयकाच्या वेगवेगळ्या छापील प्रती ओळीने मांडलेल्या.)

माग काढणारा पहिल्यांदा चुकतो तो इथेच. त्याला वाटतं, कायदा १९६५ चा, तर कागदही १९६५ चेच असणार. पण अमेरिकेत काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली की पडून राहिलेलं विधेयक मरतं. नव्या काँग्रेसमध्ये ते नव्या क्रमांकाने पुन्हा जन्माला येतं. या कायद्याचं बीज जॉन केनेडींनी २३ जुलै १९६३ रोजी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात आहे, आणि १९६४ साली त्यावर समितीपुढे साक्षी झाल्या, त्या ८८ व्या काँग्रेसच्या खात्यात. फक्त २५८० या क्रमांकाने शोधत बसलात, तर त्या हाती लागत नाहीत.

आणि त्यांत एक फार मोलाची साक्ष आहे. महाधिवक्ता रॉबर्ट केनेडी उपसमितीपुढे बसलेत. आशियातून किती लोक येतील, असं त्यांना विचारलं जातं. ते सांगतात, पहिल्या वर्षी साधारण ५,००० येतील, आणि त्यानंतर तिकडून येणं जवळपास थांबेल.

पुढच्या वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे परराष्ट्रमंत्री डीन रस्क आले. त्यांनी तर भारताचं नाव घेऊनच आकडा दिला. येत्या पाच वर्षांत भारतातून ८,००० लोक येतील, असा अंदाज त्यांनी मांडला. जो तो अमेरिकेकडे धावत सुटलाय असं चित्र आपल्याला दिसत नाही, असंही ते म्हणाले.

हे वाचताना मी थांबलो होतो. आपल्याबद्दल बोललं जात असताना आपण त्या खोलीत नसतो. त्या खोलीत काय बोलणं झालं हे शब्दशः छापलेलं साठ वर्षांनी वाचायला मिळतं, ही साधी गोष्ट नाही.

(दृश्य: कलम २०३ चे दोन मसुदे शेजारी-शेजारी. पसंतीक्रमाच्या ओळी उजळतात.)

आता भावाच्या कलमाकडे वळू. सरकारने पाठवलेल्या मूळ विधेयकात पहिला मान कौशल्याला होता. देशाला ज्यांचा विशेष उपयोग आहे, अशा लोकांसाठी निम्म्यापर्यंत व्हिसा. नातेवाईक त्यांच्यानंतर.

प्रतिनिधिगृहाच्या इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष होते ओहायोचे मायकेल फीगन. त्यांनी विधेयक अडवून धरलं, स्वतःचं वेगळं विधेयक आणलं, आणि अखेर तडजोड झाली तेव्हा हा क्रम पार उलटा झाला होता. समितीच्या अहवालाला, म्हणजे अहवाल क्रमांक ७४५ ला, मूळ मसुद्याच्या शेजारी ठेवा. बदल बोट ठेवून दाखवता येतो. पहिल्या पसंतीत, म्हणजे व्हिसा देण्याच्या क्रमात सर्वांत आधी, नागरिकांच्या अविवाहित मुलामुलींना २० टक्के व्हिसा. ग्रीन कार्ड असलेल्यांची पत्नी किंवा पती आणि अविवाहित मुलं, २० टक्के. तिसऱ्या पसंतीत व्यावसायिक, शास्त्रज्ञ आणि कलावंत, फक्त १० टक्के. चौथीत नागरिकांची विवाहित मुलं, १० टक्के. पाचव्या पसंतीत नागरिकांचे भाऊ आणि बहिणी, २४ टक्के. सगळ्यांत मोठा वाटा हाच. मग कामगारांना १० आणि निर्वासितांना ६.

बेरीज करा. शंभरातले ७४ नातेवाइकांना.

का केलं असावं असं? उपसमितीत मसुद्यावर घासाघीस झाली ती बंद दाराआड. त्या काळी ती रीतच होती. अशा वेळी माग काढणारा आजूबाजूच्या खुणांवरून चालतो. समितीचे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जातात, आणि प्रतिनिधिगृहाचे बहुतेक कागद ३० वर्षांनी खुले होतात. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कचेरीतली टिपणं आणि ध्वनिमुद्रित केलेले फोन टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ग्रंथालयात आहेत. आणि कायदा झाल्यावर बाहेरचे लोक काय म्हणाले, तेही पाहावं लागतं. जुन्या कोटा पद्धतीची पाठराखण करणाऱ्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मासिकाने या क्रमाचं कौतुक केलं होतं. त्यांचं गणित सरळ होतं. ज्यांचे नातेवाईक आधीच अमेरिकेत आहेत, तेच येणार. अमेरिकेत बहुसंख्य युरोपातले. म्हणजे कोटा गेला तरी माणसं तिकडचीच येत राहतील, आपोआप.

भावाबहिणींचं कलम मायेपोटी आलं असेल अशी माझी समजूत होती. त्यात माया होतीही, विशेषतः इटालियन आणि ग्रीक वस्त्यांतून ज्यांनी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या केल्या होत्या त्यांची. पण त्याच कलमात आपल्यासारख्यांना बाहेर ठेवण्याचा हिशोबही बसत होता.

(दृश्य: प्रतिनिधिगृहाचं जुनं छायाचित्र. त्यावर तारीख: २५ ऑगस्ट १९६५.)

त्या दिवशी सभागृहात इमॅन्युएल सेलर उभे राहिले. वय ७७. ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा १९२४ चा कोटा कायदा होत होता आणि नवखे सेलर त्याच्या विरोधात बोलले होते. तो कायदा पाडायला ४१ वर्षं गेली. १९४६ ला आपल्यासाठी दार किलकिलं करणाऱ्या कायद्यातही त्यांचंच नाव आहे. हे सेलर सभागृहाला सांगतात की आशिया आणि आफ्रिकेतून फारसे लोक येणार नाहीत, कारण तिथल्या लोकांचे इथे नातेवाईकच फार कमी आहेत.

त्यांना हे मनापासून वाटत होतं, की बिचकलेल्या सदस्यांची मतं टिकवायला ते असं म्हणाले? छापील शब्द तोंडचं बोलणं सांगतो, मनातलं नाही. त्यातही 'काँग्रेशनल रेकॉर्ड' हा सभागृहाचा वृत्तांत वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. सदस्यांना आपलं भाषण नंतर दुरुस्त करायची, वाढवायची मुभा असते. न बोललेला मजकूर ठिपक्याची खूण करून वेगळा दाखवायची पद्धत १९७८ साली सुरू झाली. १९६५ च्या पानांवर बोललेलं आणि नंतर घातलेलं सारखंच दिसतं. तरीही, सेलर यांचं उभं आयुष्य पाहिलं तर मला वाटतं, दार उघडणं त्यांना जास्त महत्त्वाचं होतं, आणि आत कोण येईल याची धास्ती घेतलेल्यांना ते समजावत होते. हे माझं मत आहे. कागद तेवढं ठामपणे बोलत नाही.

असल्या कागदांवर किती विसंबायचं, हा वाद न्यायालयातही जुना आहे. १८९२ च्या होली ट्रिनिटी चर्चच्या खटल्यात, तोही परदेशातून माणूस आणण्याचाच, सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दांपलीकडे जाऊन समितीच्या अहवालाचा आधार घेतला आणि इंग्लंडहून आणलेला धर्मगुरू 'मजूर' नाही असं ठरवलं. पुढे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी या पद्धतीवर आयुष्यभर टीका केली. त्यांचं म्हणणं, मतदान झालं ते कायद्यावर, अहवालावर नाही. न्यायाधीशासाठी ते खरंही असेल. पण आपल्या घरात भाऊ कसा आला, हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याला अहवाल उघडावाच लागतो.

विधेयक प्रतिनिधिगृहात ३१८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८. सिनेटने अमेरिका खंडातल्या देशांवर पहिल्यांदाच वर्षाला १,२०,००० स्थलांतरितांची मर्यादा घातली. तिचे परिणाम मेक्सिको आजवर भोगतो आहे, पण ती कहाणी वेगळी.

(दृश्य: लिबर्टी बेट, ३ ऑक्टोबर १९६५. स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी टेबल, जॉन्सन सही करताहेत.)

सही करताना जॉन्सन म्हणाले, हे विधेयक क्रांतिकारी नाही. लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही.

त्यांनी सर्वांनी मोजले होते ते इथे असलेले नातेवाईक. तिसऱ्या पसंतीचे ते १० टक्के कुणी मनावर घेतले नव्हते. १९६६ च्या जुलैमध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं, इस्पितळांना डॉक्टर कमी पडू लागले. ग्रँट मेडिकल आणि व्हीजेटीआयमधून बाहेर पडलेली मुलं, ज्यांचं अमेरिकेत कुणीही नव्हतं, त्या अरुंद फटीतून आत आली. पाच वर्षांनी नागरिक झाली. आणि मग त्यांनी पाचवी पसंती उघडली. रस्क यांच्या ८,००० च्या जागी पाच वर्षांत भारतातून २७ हजारांहून जास्त लोक आले होते, आणि तोवर भावांच्या फाइली सुरूही झाल्या नव्हत्या.

आज त्याच रांगेत भारतातला भाऊ दीड दशकाहून जास्त थांबतो.

(दृश्य: पुन्हा एडिसन. काकांच्या हातात सेलर यांच्या भाषणाच्या पानाची छायाप्रत.)

आम्ही काकांना ते पान दिलं. त्यांनी चष्मा बदलला, ते वाक्य दोनदा वाचलं.

"तारीख काय म्हणालात?"

२५ ऑगस्ट १९६५.

"दादा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. चाळीच्या गॅलरीत बसून ड्रॉइंग काढायचा, मी पट्टी धरायचो." ते थोडं थांबले. "खरंच की. तेव्हा आमचं इथे कुणीच नव्हतं."

त्यांनी पान घडी न घालता, जपून, दादाने केलेल्या फाइलमध्ये ठेवलं.