फुंक चोरू नका

मंडळी, सनई शिकायला मूल आलं की पहिल्या काही दिवसांतच आईवडील विचारतात, "घरी सराव करताना जरा हळू वाजवली तर चालेल ना?" ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन शिकणाऱ्यांच्या घरीही हाच प्रश्न असतो. माझं उत्तर ठाम आहे. कमी वेळ वाजवा, दुसरीकडे जाऊन वाजवा, आवाज न करता जे जमतं ते घरी करा. पण फुंक चोरू नका.

सनई मुळात मोकळ्यावरची. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे, तो एकदा वर चढून पाहा. तिथे बसून वाजवलेला सूर नगाऱ्याच्या बरोबरीने दूरवर पोचायला हवा, या अपेक्षेने हे वाद्य घडलं. लाकडी नळी खाली रुंद होत जाते, टोकाला धातूचा प्याला, वर ओठांत धरून फुंकायची पत्ती. क्लॅरिनेटसारख्या किल्ल्या नाहीत, नुसती उघडी छिद्रं. मींड काढायची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं, तर बोट अर्धवट सरकवायचं आणि त्याच क्षणी फुंकेचा दाब सांभाळायचा. म्हणजे सनईत स्वराची उंची बोटांइतकीच फुंकेवरही ठरते. शेजाऱ्यांच्या भीतीने फुंक कमी केली की स्वर उतरतो. मुलाचा कान बरा असेल तर त्याला ते कळतं, आणि तो ओठांनी पत्ती आवळून स्वर वर ओढतो. आवळलेली पत्ती मोकळी थरथरत नाही, सूर चिरका होतो. हे रोज झालं की ओठांना तेच वळण लागतं. मग मांडवात शेजारी संबळ सुरू झाला आणि दम लावून फुंकायची वेळ आली, की सूर चढतो आणि पोराला काय बिघडलं ते कळत नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात. त्यांचे ओठ सैल करायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या मुलांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांनी सराव मनापासून केलेला असतो. मऊ पत्ती लावून आवाज कमी करणारेही आहेत. वरच्या सप्तकात ती पत्ती दाद देत नाही.

"मग ट्रम्पेटला आवाज दाबणारा म्यूट लावतात तसं काही सनईला नाही का?" असं विचारतात. ट्रम्पेटमध्ये ओठांची थरथर नळीतून जाते आणि जवळजवळ सगळा आवाज पुढच्या कर्ण्यातूनच बाहेर पडतो. एकच दार, म्हणून ते बंद करता येतं. सरावासाठीचा म्यूट कर्ण्यात घट्ट बसतो आणि आवाज खूपच खाली आणतो. यामाहाने १९९५ साली 'सायलेंट ब्रास' नावाची सोय आणली. त्यात म्यूटच्या आत मायक्रोफोन असतो आणि वाजवणाऱ्याला आपलाच सूर हेडफोनवर ऐकू येतो. पण सनई, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांचा आवाज बहुतांशी उघड्या छिद्रांतून बाहेर येतो. प्याल्यात फडकं कोंबून पाहा. सगळी छिद्रं बंद असतानाचा खालचा स्वर दबेल, बाकीचे जसेच्या तसे राहतील. तेव्हा फडक्याच्या भानगडीत पडू नका. ट्रम्पेटवाल्यांनीही म्यूट लावून सगळा सराव उरकू नये. म्यूटने फुंकेला अडथळा वाढतो आणि स्वर बहुधा थोडे चढतात. बोटांच्या आणि जिभेच्या कामाला तो ठीक आहे, लांब स्वरांसाठी मात्र तो काढून ठेवा.

खोलीबद्दल थोडंसं. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम भिंतीला चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो. आवाज अडवतं ते वजन, आणि तो निसटतो तो फटींतून. दाराखालची फट बुजवली, खिडकी घट्ट लावून आतून जाड गोधडी टांगली, तर फरक जाणवतो. सनईच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: तिच्या आवाजात वरच्या कंपनांचा भरणा असतो, आणि भिंती तीच कंपनं जास्त अडवतात. ढोलाचा दणका भिंतीपार जातो तसा सनईचा तिखटपणा जात नाही, मात्र फट ठेवायची नाही.

आता, घरात काय करायचं? माझ्या मते अर्ध्याहून जास्त रियाज वाद्य न फुंकता होतो, आणि या बाबतीत आपलं संगीत भाग्यवान आहे. आपल्याकडची सनई गळ्याच्या मागे चालते. तेव्हा सनई हातात धरा, पत्ती ओठांपासून दूर ठेवा, आणि बंदिश हलक्या आवाजात गात गात छिद्रांवर बोटं चालवा. पलटे, अलंकार, मींडेची जागा, सगळं आधी गळ्यातून. जे गळ्यातून निघत नाही ते सनईतून निघणार नाही. बोट नेमकं किती सरकवलं की कोमल गंधार लागतो, याचा विचार या शांततेत होतो. फुंकताना तेवढी उसंत मिळत नाही. तानपुरा हलका लावून ठेवा, म्हणजे गाताना षड्ज हलणार नाही.

दुसरं दमाचं काम. नाकाने श्वास आत घेत असतानाच गालांत साठवलेली हवा बाहेर सोडायची, म्हणजे सूर तुटत नाही, ही युक्ती सनईवाल्याला यावीच लागते. ती शिकायला सनई लागत नाही. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ घाला, आणि बुडबुडे अखंड चालू ठेवत नाकाने श्वास घ्या. रात्री अकरा वाजताही करता येतं. ट्रम्पेटवाला नुसत्या माउथपीसवर ओठांची थरथर साधू शकतो. त्याचा आवाज शेजारच्या खोलीपलीकडे फारसा जात नाही. इलेक्ट्रॉनिक फुंकवाद्यंही आता मिळतात, हेडफोन लावून वाजवता येतात. बोटांना ती उपयोगी आहेत. पत्ती आणि ओठ यांचं नातं मात्र त्यात नाही, म्हणून सनई शिकणाऱ्याला मी ती घ्यायला सांगत नाही.

हे सगळं झालं की मग पूर्ण फुंकेचा रियाज. वीस-पंचवीस मिनिटं, पण मोकळा. आधी खालचे लांब स्वर, मग बाकीचं. इथे तुमच्या स्वतःच्या कानांचा विचार करा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागी सांभाळायची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि बंद लहान खोलीत ट्रम्पेट किंवा सनई तिथवर सहज पोचते. वादकांसाठी मिळणारे कानातले बोळे लावा. मुलांना तर लावायलाच लावा. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

वेळ कोणती? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पण नियमाआधी माणूस. वरच्या मजल्यावरच्या आजी दुपारी कधी झोपतात, समोरच्या घरी दहावीची मुलगी आहे का, हे जाऊन विचारा. "आजी, मी रोज साडेपाच ते सहा वाजवणार आहे, चालेल ना?" ठरलेली वेळ माणसं सोसतात. वाजवणं कधी संपणार हे माहीत नसतं, तेव्हा त्रास होतो.

आणि घराबाहेर पडा. १९५९ ते १९६१ या काळात न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास सराव करत. शेजारी एक गरोदर बाई राहत होती, तिला त्रास होऊ नये हे त्यातलं एक कारण. त्या वेळी त्यांचं नाव झालेलं होतं. बिस्मिल्ला खाँसाहेबांचा रियाज वाराणसीत बालाजीच्या मंदिरात चाले. एवढ्या मोठ्या वादकांना घराबाहेरची जागा शोधावी लागली, तर आपल्या मुलांना ती लागणारच.

आपल्या गावात अशा जागा आहेत. शाळेचं सभागृह सुटीनंतर रिकामं असतं, मंडळाची खोली गणपती सोडले तर वर्षभर कुलपात असते, देवळाचा सभामंडप दुपारी ओस पडतो. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या हाती त्या कुलपांच्या चाव्या आहेत. माझी त्यांना विनंती आहे, आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर ती जागा सनई, ट्रम्पेट, क्लॅरिनेट शिकणाऱ्या मुलांना उघडून द्या. वीज आणि झाडलोट यांचा खर्च पालक वाटून घेतील. व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबतो आहे. ज्यांना जागा देता येईल त्यांनी कृपया मला भेटावं.