वितोल्द उर्बानोविच: लंडनचं आकाश राखलं, पण स्वतःचा देश परका झाला

नमस्कार मंडळी! आज एका पोलिश फायटर पायलटबद्दल बोलायचंय, वितोल्द उर्बानोविच. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही आणि मला मनापासून वाटतं की ते माहीत असायला हवं.

1908 चा जन्म. 1936 मध्ये पोलंडच्या हद्दीत शिरलेलं एक सोव्हिएत टेहळणी विमान यानं पाडलं, तर वरिष्ठांनी कागदोपत्री झापलं, खाजगीत पाठ थोपटली आणि शिक्षा म्हणून देम्ब्लिनच्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर करून टाकलं. तिथे पोरांनी नाव ठेवलं, कोब्रा.

मग सप्टेंबर 1939. पश्चिमेकडून जर्मनी घुसला, 17 तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा. हा आपल्या कॅडेट्सना घेऊन रोमानियात पोचला, कारण ब्रिटन-फ्रान्सची विमानं तिकडे येणार असं सांगितलं होतं, ती काही आलीच नाहीत. मग पोरांना तिथे ठेवून गडी परत पोलंडमध्ये लढायला निघाला, सोव्हिएत सैनिकांच्या हाती सापडला, त्याच दिवशी निसटला, आणि रोमानिया, फ्रान्स करत शेवटी ब्रिटन!

आता ब्रिटनमध्ये गंमत बघा. या पोलिश पायलट्सनी अख्खा देश पडताना लढाई केलेली, पण इंग्रजी येत नाही म्हणून ब्रिटिश अधिकारी त्यांना लढाईत सोडेनात. पोलंडच्या जुन्या पी-11 फायटर विमानाची चाकं कायम बाहेरच असायची आणि ब्रिटिशांच्या हरिकेन फायटरची आत-बाहेर करायची, त्यामुळे काही जण उतरताना चाकं काढायलाच विसरले आणि विमान पोटावर घासत गेलं. 30 ऑगस्ट 1940 ला लंडनजवळच्या नॉर्थोल्ट विमानतळावरची 303 स्क्वाड्रन, म्हणजे पोलिश पायलट्सची तुकडी, ट्रेनिंगला वर गेली होती. लुद्विक पाश्केविचला जर्मन विमानं दिसली, त्यानं रेडिओवर सांगितलं, उत्तर आलं नाही, म्हणून तो फॉर्मेशन सोडून सरळ तुटून पडला आणि एक विमान पाडूनच परतला. दुसऱ्याच दिवशी अख्खी स्क्वाड्रन लढाईत!

सप्टेंबरमध्ये स्क्वाड्रनचा कमांडर भाजून जखमी झाला आणि सूत्रं उर्बानोविचकडे आली. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मनीशी झालेल्या हवाई लढाईत, त्याच्या एकट्याच्या नावावर 15 विमानं आहेत. पुढे 1943 मध्ये तो चीनमध्ये अमेरिकन स्क्वाड्रनबरोबर जपान्यांशीही लढला, म्हणजे पोलंड सोडून जगभर लढून झालं.

आणि नेमकं इथेच मला चीड येते. फेब्रुवारी 1945, याल्टा, म्हणजे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिनची बैठक. पोलंड स्टालिनच्या ताब्यात राहणार हे तिथे जवळपास पक्कं झालं, आणि जुलैत ब्रिटननं वॉर्सातल्या कम्युनिस्टांच्या हातातल्या सरकारला मान्यताही दिली. ज्यांच्यासाठी हे लोक लढले त्यांनीच हे केलं. 1946 च्या लंडनच्या विजय परेडला 303 च्या काही पायलट्सना बोलावलं, पण बाकी पोलिश सैन्याला नाही, म्हणून त्यांनी जायला नकार दिला. एकदम बरोबर केलं!

तरी उर्बानोविच 1946 मध्ये घरी गेला. गुप्त पोलिसांनी हेर समजून अटक केली. सुटल्यावर तो अमेरिकेला निघून गेला आणि न्यूयॉर्कमध्ये राहून विमान कंपन्यांमध्ये नोकऱ्या केल्या. तो निघाला ते शहाणपणाचंच होतं, कारण पोलंडचा सगळ्यात यशस्वी एस (म्हणजे शत्रूची पाच किंवा जास्त विमानं पाडलेला पायलट) स्तानिस्वाव स्काल्स्की 1947 मध्ये परतला, 1948 मध्ये पकडला गेला, छळ झाला, फाशी सुनावली, मग त्याची जन्मठेप झाली आणि 1956 मध्ये कुठे बाहेर आला.

परत जायचं कुठे, हा प्रश्न तेव्हा आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडेतही होता बरं का. 1943 ते 1948 तिथल्या कॅम्पमध्ये जवळपास 5,000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं, सोव्हिएतांनी घरातून उचलून सायबेरिया वगैरेकडे नेलेली. त्यांच्यातलेही कित्येक पोलंडला गेलेच नाहीत.

उर्बानोविचला पोलंड परत बघायला मिळालं 1991 मध्ये, कम्युनिस्ट सरकार गेल्यावर. जनरल केलं 1995 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. हा मान त्याला 1946 मध्येच मिळायला हवा होता. वळिवडेच्या कॅम्पबद्दल तुमच्या घरात कुणी काही सांगितलं असेल तर खाली नक्की लिहा, त्यावर पुढचा व्हिडिओ करायचाय.