राणीसाठी दुधाचं देऊळ

श्रोतेहो, नमस्कार. व्हर्सायच्या राजबागेत एका छोट्या बेटावर बारा खांबांचं गोल देऊळ आहे. प्रेमाचं मंदिर. रिशार मीक या वास्तुकारानं 1778 च्या सुमारास राणी मारी आंत्वानेतसाठी ते बांधलं. आत मदनाची मूर्ती आहे, पण पूजा नाही की नैवेद्य नाही. राणीच्या शेजघराच्या खिडकीतून दिसावं, एवढंच त्याचं काम. हो, फक्त दिसावं! ग्रीक-रोमन वळणाच्या अशा वास्तू तेव्हा फ्रान्सच्या राजबागांत हौसेनं उभ्या राहत होत्या. आपल्या बागांत काय उभं राहतं? आ वासलेला सिमेंटचा ससा, अन् त्याच्या पोटावर ‘मला वापरा’. असो.

मला सांगायचीय ती पॅरिसजवळच्या रांबुये गावाची गोष्ट. राणीचा नवरा, फ्रान्सचा राजा सोळावा लुई, त्याला शिकारीचा भारी नाद. 1783 मध्ये त्यानं रांबुयेचा गढीवजा वाडा आणि जंगल विकत घेतलं. राणीनं पाहिलं आणि नाक मुरडलं. बेडकांचं डबकं म्हणाली, असं सांगतात. आता राजा झाला तरी नवराच तो! त्यानं गुपचूप बांधकाम काढलं. काय बांधलं असेल? दूधघर!

पण कसलं दूधघर! बाहेरून दगडी देऊळच. आत शिरलं की गोल दालन, वर घुमट, मधोमध संगमरवरी मेज. त्यापलीकडच्या दालनाच्या टोकाला खडकांची कृत्रिम गुहा, तिच्यातून झुळझुळणारं पाणी, आणि पुढ्यात प्येर ज्युल्याँनं घडवलेली अमाल्थिया, सोबत तिची शेळी. तीच ती, ग्रीकांचा देव झ्यूस बाळ असताना त्याला दूध पाजणारी. इथं धार काढायची नाही, ताक घुसळायचं नाही. इथं बसून दूध प्यायचं, बस्स. म्हणजे दूध उतू जायची धास्तीच नाही!

सेव्रच्या कारखान्यातून खास चिनी मातीची भांडी मागवली. त्यांतला एक वाडगा चक्क स्तनाच्या आकाराचा, खाली आधाराला शेळ्यांची तीन डोकी. राणीच्याच मापानं घडवला, अशी वावडी उठली. पुरावा काही नाही. माणसं दुसऱ्याच्या बायकोबद्दल काय काय बोलतात! हल्ली तर फोनवरून बोलतात, तेही फुकट.

जून 1787 मध्ये राजानं राणीला हे सगळं दाखवलं. साल पुन्हा सांगतो, 1787. दोनच वर्षांनी क्रांती झाली. राजा-राणी 1793 मध्ये गिलोटिनखाली गेले, आणि प्रेमाचं मंदिर बांधणारा मीक पुढच्याच वर्षी.

रांबुयेला राजानं आणखी एक काम केलं होतं. 1786 मध्ये स्पेनहून मेरिनो मेंढ्या आणवल्या. दूधघर आज बघ्यांसाठी आहे. मेंढ्यांचा वंश मात्र तिथंच चालू आहे, आणि लोकर अजून कातरली जाते.